जाणते गप्प कां असतात?

श्रोतेहो, एखाद्या भाषेविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं असें दिसलें, कीं ती मरणपंथास लागली असा निष्कर्ष आपण सहज काढतों. संगणकाच्या कांहीं भाषांच्या बाबतींत हा निष्कर्ष फसवा ठरतो. ज्यांना त्या उत्तम येतात, तेच त्यांविषयीं सर्वांत कमी बोलतात. असें कां व्हावें, हें आज ‘ए. पी. एल.’ या भाषेच्या उदाहरणानें पाहूं.

कॅनडांत जन्मलेल्या केनेथ आयव्हर्सन या गणितज्ञानें हार्वर्ड विद्यापीठांत शिकवीत असतांना एक नवी चिन्हपद्धति योजिली. पुढें आय. बी. एम. कंपनींत असतांना, १९६२ सालीं, त्यानें तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें हेंच भाषेचें नांव झालें. १९६६ सालीं ती संगणकावर प्रत्यक्ष चालूं लागली आणि १९७९ सालीं आयव्हर्सनला ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.

या भाषेंत एकेका क्रियेस एकेक चिन्ह आहे. एकपासून शंभरपर्यंतच्या संख्यांची बेरीज हवी असल्यास बेरजेचें चिन्ह, एक तिरपी रेघ, ‘आयोटा’ हें ग्रीक अक्षर आणि शंभराचा आंकडा एवढें लिहावें. ५०५० हें उत्तर तत्काळ मिळतें. आयोटा संख्यांची रांग उभी करतो. तिरपी रेघ त्या रांगेंतील संख्यांमध्यें बेरजेचें चिन्ह भरते.

मौनाचें पहिलें कारण या आटोपशीरपणांतच आहे. बीजगणित नुकतें शिकूं लागलेलीं मुलें ‘क्ष’ म्हणजे काय, याचीच चर्चा करतात. वर्षभरानें तीं उदाहरणाविषयीं बोलतात, ‘क्ष’विषयीं नव्हे. चिन्हें अंगवळणीं पडलीं कीं मन त्यांवरून उठून कामावर स्थिर होतें. विम्याचें गणित करणारा हप्त्यांचा व आयुर्मानाचा विचार करतो. भाषा त्याच्या लेखणीसारखी नकळत चालते.

दुसरें कारण व्यवसायाचें. ही भाषा विमा, सराफी आणि गुंतवणूक यांच्या हिशेबांत विशेष रुजली. तेथें हिशेबाची रीत हेंच पेढीचें गुपित असतें. जेथें सारी रीत एका ओळींत मावते, तेथें ती ओळ दाखविणें म्हणजे गुपितच उघड करणें होय.

तिसरें कारण कंटाळ्याचें. “ही भाषा लिहितां येते, वाचतां येत नाहीं,” ही थट्टा जाणत्यांनीं वारंवार ऐकलेली असते. पाणिनीचें सूत्रही परिचय नसणाऱ्यास कोडेंच वाटतें. पण तो दोष सूत्राचा नव्हे. हें प्रत्येक नवागतास पुनः पुनः समजावण्यापेक्षां जाणता आपल्या कामास लागतो.

हीं तिन्ही कारणें समंजस आहेत. तरीही या मौनाची किंमत मोठी आहे. जाणता सेवानिवृत्त होतो, त्याची ओळ मात्र मागें राहून हिशेब करीतच असते. पुढें नियम बदलला, तर ती कोठें व कशी बदलावी हें सांगणारा कोणी उरत नाहीं. आणि त्या ओळीवर कोणा वृद्धाचें निवृत्तिवेतन, कोणा विधवेच्या विम्याची रक्कम अवलंबून असूं शकते. आपल्याकडे मोडीचें काय झालें हें आपण पाहिलेंच आहे. दप्तरें भरून कागद राहिले, वाचणारे विरळ झाले.

सूत्रें टिकलीं तीं भाष्यांमुळें आणि गुरुशिष्यपरंपरेमुळें. ओळ लिहिणाऱ्यानें ती कशी चालते एवढेंच नव्हे, तर ती अशीच कां लिहिली, हेंही दोन शब्दांत शेजारीं नोंदवावें. आणि आपण, श्रोतेहो, आपल्या घरांत वा कचेरींत असा कोणी अबोल जाणता असेल, तर त्याला प्रश्न विचारावे. तो आपण होऊन बोलणार नाहीं. परंतु मनापासून विचारणारा भेटला, तर असा मनुष्य बहुधा हात राखून सांगत नाहीं.