विमान पेटलं, तर किती सेकंद?

माळशिरसहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणं गाठणाऱ्यांनो, आपली सीट किती वेगाने पेटेल, हा विचार कधी केलाय? विमानात तो आधीच होतो. केबिनच्या भिंतीचा तुकडा उभा टांगून खाली 60 सेकंद बर्नर धरतात. बर्नर काढल्यावर ज्वाळा सरासरी 15 सेकंदांत विझलीच पाहिजे. हेतू एकच: बाहेर पडायला वेळ मिळावा.

2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं. आतले सगळे 379 जण बाहेर पडले. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली. 25 जण गेले.

बसच्या सीटचीही ज्वलन चाचणी असते, पण नमुना आडवा ठेवून. आग मात्र उभी जास्त झपाट्याने चढते. तेव्हा बसमध्ये चढल्यावर रील नंतर. आधी इमर्जन्सी दार कुठंय, ते बघा!