वलगणीची वाट अडवू नका!

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओहोळ लाल होऊन वाहू लागला की गावात ओरड होते, "वलगण चढली!" मग बॅटऱ्या, जाळी, कोयते घेऊन पोरे रात्रीच बाहेर पडतात. पनवेल तालुक्यातल्या शेतकरी बंधूंना हे सांगायला नकोच. पण हा मासा भाताच्या खाचराकडे का धावतो? तो येतो अंडी घालायला. खाचराचे उथळ, संथ पाणी हाच त्याच्या पिल्लांचा पाळणा.

हा पाळणा आता धोक्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोड्या पाण्यातले मासे, खेकडे, कोळंबी, चतुर अशा २३ हजारांहून अधिक जाती त्यात तपासल्या. त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. अशा जाती जिथे जास्त आहेत, त्या भागांत आपला पश्चिम घाटही आहे. कारणांत पहिला नंबर प्रदूषणाचा. धरणे आणि पाणीउपसा त्याच्या मागोमाग.

आपल्याकडची कासाडी नदी पाहा. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, त्याचे माप म्हणजे बीओडी. तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या पाण्याचा बीओडी लिटरला ८० मिलिग्रॅम भरल्याचे महापालिकेच्या तपासणीतून २०१७ मध्ये उघड झाले होते. तो ६ च्या वर गेला की माशाचा जीव गुदमरू लागतो.

कारखान्यांना जाब विचारायलाच हवा. पण मंडळी, थोडे आपल्याही पदरात आहे. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका. डोहात विषारी औषध टाकून मासे मारू नका. वलगणीला ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळे लावू नका. अर्धी वाट मोकळी ठेवा. अंड्यांनी भरलेली एक मासळी सोडली, तर पुढच्या साली तिची पोरे परततील.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही एवढे पाहावे. मोरी बांधताना पाइपाचे तोंड ओहोळाच्या तळाशी असावे. ते हातभर वर राहिले तर मासा तिथेच अडतो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे गावात समिती आणि नोंदवही असायला हवी. त्या वहीत वलगणीला कोणते मासे येत आणि आता कोणते येईनासे झाले, हे जाणत्यांना विचारून लिहून घ्या. उद्या नदीसाठी भांडायचे झाले, तर तोंडी सांगण्यापेक्षा ही वही कामी येईल.