आधी पोलाद की आधी धान्य?

भारताची दुसरी पंचवार्षिक योजना (१९५६-६१) संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या गणिती आराखड्यावर उभी होती. आज यंत्रं बनवणारी यंत्रं उभारा, उद्या सगळं देशातच बनेल, हा तिचा तर्क. भिलाई, राउरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने याच काळातले. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांचा आक्षेप साधा होता, आणि माझ्या मते बिनतोड: कारखान्यात राबणारा मजूर आज खाणार काय? धान्य-कापड कमी पडलं की रोजगारही अडतो. शिवाय आराखड्याने परदेशी व्यापार जवळपास हिशेबातच धरला नव्हता. प्रत्यक्षात यंत्रं बाहेरून आणावी लागली, आणि १९५७ मध्येच परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. गहू तर अमेरिकेकडून पीएल-४८० या अन्नमदतीच्या कराराखाली येतच होता.