उमरीची धाड, चार वेळा लिहिताना

उमरीच्या स्टेशनात उतरलो तेव्हा वहीत तीनच ओळी होत्या. 30 जानेवारी 1948. हैदराबाद स्टेट बँकेची उमरी शाखा. रक्कम सुमारे 21 लाख. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी ही बँक लुटली आणि पैसा लढ्यासाठी नेला, हे मराठवाड्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की त्याची आठवण निघते. मला लेख भाषणासारखा नको होता. वाचणाऱ्याला पेठेतून चालवत न्यावं, आणि तरी त्यात एकही गोष्ट पदरची नसावी. या दोन अटी एकमेकींशी किती भांडतात ते पुढच्या चार मसुद्यांनी दाखवलं.

पहिला मसुदा इतिहासाचा झाला. पैनगंगेपलीकडचं उमरखेड तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र भारतात. तिथं सशस्त्र लढ्याचा कॅम्प. अलीकडं निजामाचं संस्थान आणि त्याच्या बाजूचे सशस्त्र रझाकार. सगळं बरोबर, आणि सगळी वाक्यं ‘करण्यात आले’, ‘नेण्यात आले’ अशी. माणूस एकही नाही. 21 लाख हा आकडा तर पानावर नुसता पडून होता. संस्थानात चलन वेगळं, हाली सिक्का. सात हालीला सहा कलदार, म्हणजे संस्थानाबाहेरचे रुपये. हे लिहिल्यावर आकडा जरा हलला. पण एवढ्याशा गावाच्या बँकेत इतका पैसा कशाला, हे सांगितल्याशिवाय त्याला वजन येईना. उत्तर होतं कापूस. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम: आडते, जिनिंगवाले, रोखीचा व्यवहार, आणि गावाला लागून मनमाड-सिकंदराबादची निजामाची मीटरगेज. एका आकड्यासाठी मला गाव उभं करावं लागलं. ललित लेखनातला ‘तपशील’ म्हणतात तो असा कामाला लागतो. सजावटीला घेतलेला तपशील वाचक लगेच ओळखतो.

दुसरा मसुदा रात्री लॉजवर लिहिला, आणि तो इतका छान झाला की सकाळी मलाच संशय आला. इंजिनाची शिट्टी वाजते, एक तरुण शाल सावरतो, शेजारच्याला हळूच म्हणतो, “आता.” कोण म्हणालं? कोणी ऐकलं? कोणीच नाही. अवतरणचिन्हं मी घातली होती, शालही मीच पांघरली होती. कादंबरीत ती शाल बिनघोर शोभली असती. इथं मात्र एक खोटी शाल सापडली की वाचक खरे 21 लाखही परत मोजायला लागतो.

याच मसुद्याचा शेवट तर आणखी अवघड. त्याच 30 जानेवारीला संध्याकाळी 5 वाजून 17 मिनिटांनी दिल्लीत, बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. मी ते शेवटच्या ओळीत ठेवलं होतं, टाळ्यांसाठी. गोष्ट खरी, जागा लबाड. उमरीच्या पेठेत त्या घडीला हे कोणालाच माहीत असण्याची सोय नव्हती. खऱ्या गोष्टीही कुठं मांडल्या यावरून खोटं बोलू शकतात, हे मला त्या पानानं शिकवलं. मग तो उल्लेख उचलून वर तारखेपाशी नेला, एका साध्या वाक्यात, आणि पुढं चाललो.

हे दुखणं जुनं आहे. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची पहिली आवृत्ती चिं. वि. वैद्यांनी 1907 मध्ये काढली, ती मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ यायला दत्तो वामन पोतदारांचं 1966 चं संपादन यावं लागलं. भटजींनी 1857 चं बंड डोळ्यांनी पाहिलेलं. पाहिलेल्या माणसाच्या वाक्यालाही मधला हात लागतो, तर मी पाहिलेलंच नाही, माझा हात किती सांभाळून पडायला हवा!

शब्दांवरही अडलो. दरोडा म्हणावं तर निजामाच्या बाजूनं बोलल्यासारखं होतं. हल्ला म्हटलं की लढाईचं चित्र उभं राहतं. गावात लोक नुसतं ‘उमरी बँक’ म्हणतात, जणू इमारत हीच घटना. मी ‘धाड’ घेतलं, आणि का घेतलं ते लेखात लिहून टाकलं.

तिसरा मसुदा व्यक्तिचित्राचा. त्यासाठी अनंत भालेराव मनात होते. ते स्वतः या लढ्यात उतरलेले, पुढं औरंगाबादच्या ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक. हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास त्यांनी लिहिला, आणि माणसं ‘मांदियाळी’त वेगळी ठेवली. एकाच माणसाला दोन पुस्तकं का लागली, याचा विचार करत बसलो. इतिहासात माणूस घटनेच्या मापानं मावतो, व्यक्तिचित्रात घटनेला माणसाच्या मापानं बसावं लागतं. मला कुणा एका वीराचं चित्र काढायचं नव्हतं, म्हणून हा मसुदाही बाजूला ठेवला.

चौथा सापडला चहाच्या टपरीवर. एक म्हातारे काका बाकावर बसलेले. माझी वही बघून म्हणाले, “काय लिहायलाव?”

“बँकेचं, काका. तुम्ही तेव्हा गावातच होता?”

“व्हतो की. सात-आठ वर्षांचा. पण मी काहीच नाही बगितलं. मायनं आत वढलं, दाराला जातं सरकवलं. बस.”

आवाज किती आले, विचारलं. ते सांगता येणार नाही म्हणाले. पण हरभऱ्याच्या भाजीचा वास अजून नाकात आहे. वहीत मी ते जसंच्या तसं उतरवलं. ज्यानं काही पाहिलं नाही तोच माझा साक्षीदार ठरला. इतिहासाच्या पुस्तकाला त्याचा काय उपयोग! मला मात्र उभं राहायला जागा मिळाली: बंद दाराच्या आत, जात्याजवळ. बाहेरचं जे कागदावर आहे ते कागदाच्या आवाजात सांगायचं, आतलं काकांच्या. आणि या दोहोंमध्ये ये-जा करणारा मी लपवायचा नाही. अनिल अवचटांच्या वृत्तांतांत लेखक असाच दिसतो, विचारताना, चुकताना. एरवी ‘मी’ फार झाला की लेख नासतो. पण इथं तो नसता तर काकांचं बोलणं कुणी ऐकलं हाच प्रश्न उरला असता.

पंधरा दिवसांनी मसुदा घेऊन पुन्हा उमरी. काका त्याच बाकावर. वाचून दाखवायला लागलो. ‘बाहेर गोंधळ, आत चुलीवर भाजी करपली,’ या वाक्याला त्यांनी हात वर केला.

“करपली कुठं? मायनं चूल इझवली व्हती. रातच्याला आम्ही तीच खाल्ली.”

मी ‘करपली’ खोडलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “हां, आता वाचा पुढं.”