पॅनलवर पिवळा दिवा लागला, आता शोधायचं कुठून?

आजचा विषय जळगाव-धुळ्याकडच्या वायरमन मंडळींच्या, जिनिंगवाल्यांच्या आणि दवाखान्यात मेंटेनन्स बघणाऱ्यांच्या कामाचा आहे. स्मोक डिटेक्टर बसवलेले असतात. एक दिवस पॅनलवर पिवळा दिवा लागतो, बझर वाजतो. कुणीतरी बझर बंद करतं आणि दिवा महिनोन्‌महिने तसाच राहतो. तो काय सांगत असतो, ते बघू.

लाल दिवा म्हणजे आग. पिवळा म्हणजे बिघाड, आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ असा की अमुक डिटेक्टर पॅनलशी बोलत नाहीये. तिथे आग लागली तरी पॅनलला कळणार नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, 10 बाळं गेली. अशा जागी एकेक मिनिट मोलाचं असतं. दुसरं टोक जळगाव जिल्ह्यातलंच. 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा पसरली, घाबरून प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावर आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान 12 जणांचा जीव गेला. म्हणजे खबर न पोचणं वाईट आणि खोटी पोचणंही वाईट.

आता रचना समजून घ्या. ॲड्रेसेबल पद्धतीत पॅनलमधून दोन वायरी निघतात, एकेका डिटेक्टरला जोडत सगळीकडे फिरतात आणि परत पॅनलला येतात. हा झाला लूप. त्याच दोन वायरींवरून वीजही जाते आणि निरोपही. प्रत्येक डिटेक्टरला आपला नंबर असतो. पॅनल शाळेतल्या गुरुजींसारखं सारखी हजेरी घेत असतं. ‘हजर’ आलं नाही की बिघाडाची नोंद होते. म्हणून पहिला प्रश्न हाच, की गैरहजर कोण आहे?

एकच डिटेक्टर गैरहजर असेल तर आधी तिथेच जा. रंगकामाच्या वेळी काढून नीट बसवला नसेल, स्क्रू सैल असेल, किंवा बदलताना नंबर चुकीचा टाकला असेल. एकच नंबर दोघांना दिला गेला तरी पॅनलचा गोंधळ होतो.

ओळीने पाच-दहा गैरहजर असतील तर संशय वायरीवर. लूपमध्ये ठिकठिकाणी आयसोलेटर असतात. शॉर्ट झाला की दोन्ही बाजूंचे आयसोलेटर तेवढा तुकडा तोडतात, बाकीचा लूप चालू राहतो. पण ‘ओळीने’ म्हणजे वायर जशी फिरली तशी. नंबरांच्या क्रमाने असेलच असं नाही. म्हणून वायरिंगचा नकाशा पॅनलपाशीच ठेवा.

अख्खा लूप गेला तर पॅनलचं कार्ड आणि वीजपुरवठा तपासा.

चौथा प्रकार फसवा आहे. सगळे हजर, तरी ‘लूप ओपन’. वायर एका जागी तुटलेली असते, पण पॅनल दोन्ही टोकांकडून बोलतं, म्हणून काम चालतं. लोक म्हणतात, चालू आहे ना भाऊ! पण उद्या दुसऱ्या जागी तुटली की मधले सगळे एकदम गप्प.

हात लावण्याआधी तीन गोष्टी करा. इमारतीतल्या लोकांना सांगा, सायरन-पंप-लिफ्टची जोडणी तात्पुरती बंद करा, आणि तेवढा वेळ फिरून लक्ष ठेवायला एक माणूस नेमा. मग लूप अर्ध्यावर सोडवा. 80 डिटेक्टर असतील तर 40-40. बिघाड ज्या अर्ध्यात दिसेल त्याचे पुन्हा दोन भाग. सहा-सात पायऱ्यांत तुम्ही जागेवर पोचता. मेगर लावायचा तर आधी वायर पॅनलपासून आणि सगळ्या डिटेक्टरपासून सोडवा. नाहीतर त्याच्या व्होल्टेजने चांगले डिटेक्टरही जातील.

येणारा-जाणारा बिघाड सगळ्यात छळतो. तिथे पॅनलची नोंदवही कामाला येते. पावसात अर्थ फॉल्ट येतो आणि ऊन पडलं की जातो? जंक्शन बॉक्समध्ये पाणी शोधा. जिनिंगच्या मोटारी सुरू होताना येतो? लूपची वायर मोटारीच्या केबलसोबत एकाच पाइपातून गेली असेल. ती वेगळी करा. वायरीवर शिल्ड असेल तर सहसा तिला पॅनलच्या टोकालाच अर्थ देतात. रुईची धूळ डिटेक्टरमध्ये बसून खोटा अलार्म येतो, तो मात्र संवादाचा बिघाड नाही. तिथे साफसफाईच लागते.

दोन पॅनल आरएस-485 ने जोडले असतील तर दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर हवा. वीज बंद करून मोजलं तर साधारण 60 यायला हवेत. 120 आले तर एक रेझिस्टर नाही. 40 आले तर कुणीतरी तिसरा लावलाय.

दिवा विझला म्हणजे काम संपलं असं समजू नका. दुरुस्त केलेल्या भागातल्या प्रत्येक डिटेक्टरला धूर देऊन बघा, बंद केलेली जोडणी परत चालू करा आणि नोंद लिहा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. सही करणाऱ्याने आधी पॅनलसमोर उभं राहून पिवळा दिवा बघावा, एवढीच विनंती. आता तुमचे प्रश्न घेऊ.