उसना लेखक, अस्सल हशा

1 जानेवारी उजाडली की जुन्या कलाकृती हक्कमुक्त झाल्याची बातमी ठरलेली. 2024 मध्ये मिकी माऊसच्या गलबल्यात 'द फ्रंट पेज' हे 1928चं नाटकही अमेरिकेत मोकळं झालं, पण त्याकडे फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. 'हिज गर्ल फ्रायडे' (1940) हा धमाल सिनेमा त्याच नाटकावरचा.

बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर हे नाटककार मूळचे शिकागोचे बातमीदार. नाटकातला हिल्डी जॉन्सन पुरुष. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनं त्याची बाई केली आणि तिला संपादकाची घटस्फोटित बायको करून टाकलं. घरच्या मेजवानीत एका बाईला हिल्डीची वाक्यं वाचायला दिली आणि तिथंच हे सुचलं, असं हॉक्स सांगे. गडी किस्से रंगवण्यात पटाईत, तेव्हा हातचं राखून ऐकावं.

मला जास्त भावते ती रोझलिंड रसेल. अनेक नायिकांनी नाकारलेली हिल्डीची भूमिका तिच्याकडे आली. वर चांगली वाक्यं संपादक झालेल्या कॅरी ग्रँटच्याच वाट्याला गेलीत, असं तिला वाटलं. रुसून न बसता तिनं पदरचे पैसे मोजून जाहिरातींचा मजकूर लिहिणारा एक माणूस गुपचूप गाठला. त्यानं लिहून दिलेले टोमणे ती सेटवर आयत्या वेळी सुचल्यासारखे फेकायची. हॉक्सला असली उत्स्फूर्तता हवीच असायची. ग्रँटला मात्र संशय आला, आणि मग रोज सकाळी तो तिला विचारू लागला, आज काय आणलंयस?

आपल्याकडे तालमीत वाक्य खाल्लं की दिग्दर्शक खेकसतो. या सिनेमात सगळेच एकमेकांची वाक्यं खातात, तरी एकही हशा वाया जात नाही. कारण हॉक्सनं वाक्यांच्या आगेमागे बिनकामाचे शब्द जोडून घेतले होते. चिरडले जातात ते तेवढेच. वेगवेगळे आवाज स्वतंत्रपणे टिपून नंतर जुळवण्याची आजची सोय नव्हती. सेटवर अनेक माइक लावलेले असत, आणि जो बोलेल त्याचा माइक चालू, बाकीचे बंद, अशी ध्वनिमुद्रकाची तारांबळ चाले. लेखक-दिग्दर्शकाइतकंच श्रेय त्यालाही द्यायला हवं.

हेक्ट 1964 साली गेला, मॅकार्थर त्याआधीच. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यातली लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षंही 2024 अखेर सरली. रूपांतरासाठी परवानगी नको, मानधन नको. स्पर्धेसाठी संहिता शोधणाऱ्या संस्थांनी हे नाटक एकदा वाचावंच.