मायकेल फॅरडेचा पत्रव्यवहार आणि एका परिभाषेचा जन्म

शास्त्रीय संज्ञा सामान्यतः कोशात किंवा पाठ्यपुस्तकात भेटते, आणि तेथे ती सिद्ध रूपातच उभी असते. ती कोणी घडविली, तिच्याऐवजी कोणते शब्द पुढे आले होते व ते का मागे पडले, यांचा मागमूस तेथे क्वचितच राहतो. या दृष्टीने मायकेल फॅरडे (१७९१–१८६७) या इंग्रज शास्त्रज्ञाचा पत्रव्यवहार भाषेच्या अभ्यासकालाही मोलाचा आहे. या पत्रव्यवहाराचे फ्रँक जेम्स यांनी संपादिलेले सहा खंड १९९१ पासून सुमारे दोन दशकांत प्रसिद्ध झाले. त्यांत पाच हजारांच्या आसपास पत्रे आली आहेत. आज रसायनशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी वापरतो त्या ॲनोड, कॅथोड, आयन या संज्ञा कशा घडत गेल्या, हे त्यांतील काही पत्रांत तारखेनिशी पाहता येते.

फॅरडे हा लोहाराचा मुलगा होता. त्याचे शालेय शिक्षण जेमतेम झाले आणि पुढे तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस राहिला. ग्रीक-लॅटिनचे शिक्षण त्यास मिळाले नव्हते. भाषेचे हे उणेपण त्याला प्रारंभापासूनच जाणवत होते. १८१२ च्या जुलैमध्ये त्याने बेंजामिन ॲबट या समवयस्क मित्राशी पत्रव्यवहार सुरू केला, तो काही अंशी स्वतःची लेखनशैली सुधारावी या हेतूनेच. याच पत्रांतील एकात, आपण जस्ताच्या सात चकत्या कापल्या, त्यांवर अर्ध्या पेनीची नाणी ठेवली, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागद घातले आणि विद्युत्घट सिद्ध केला, ही हकीकत तो विलक्षण उत्साहाने सांगतो. ज्या विषयाची परिभाषा त्याला बावीस वर्षांनी घडवावयाची होती, त्याचा आरंभ असा एका खाजगी पत्रात दिसतो.

१८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळाल्यावर तो हम्फ्री डेव्हीसमवेत यूरोपच्या प्रवासास गेला. त्या काळात आईला लिहिलेली पत्रे साधी व जिव्हाळ्याची आहेत. ॲबटला लिहिलेल्या पत्रांत मात्र डेव्हीच्या पत्नीने आपल्याला नोकराप्रमाणे वागविल्याची खंत मोकळेपणाने आली आहे. सारा बर्नार्ड हिच्याशी १८२१ मध्ये त्याचा विवाह झाला. विवाहापूर्वीच्या एका पत्रात, तुला मनातले काही लिहावे म्हणतो तर क्लोराइडे, तेल, पोलाद आणि पारा हेच डोळ्यांपुढे तरंगू लागतात, अशी कबुली तो तिला देतो. लेखक एकच असून आई, मित्र व वाग्दत्त वधू यांच्याशी बोलताना त्याची भाषा पालटत जाते. शैलीच्या अभ्यासकाला एका व्यक्तीचा समग्र पत्रसंग्रह जितका उपयोगी पडतो, तितका तिचा मुद्रित ग्रंथसंभार पडत नाही, तो याचमुळे.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. १८३३ च्या सुमारास फॅरडे विद्युत्प्रवाहाने पदार्थांचे अपघटन कसे होते, याचा शोध घेत होता. त्या वेळी द्रावणात बुडविलेल्या दोन टोकांना ‘ध्रुव’ म्हणत. या शब्दात एक मत गृहीत होते. चुंबकाच्या ध्रुवाप्रमाणे ही टोके पदार्थाचे घटक दुरून आपल्याकडे ओढतात, असे ते मत. परंतु धातूचे टोक द्रावणाला न भिडता, मध्ये हवेचा किंवा पाण्याचा थर असतानाही अपघटन घडते, असे फॅरडेच्या प्रयोगांत आढळून आले. तेव्हा टोक हे ओढणारे केंद्र नसून, विद्युत्प्रवाह ज्या वाटेने पदार्थात शिरतो वा बाहेर पडतो ते केवळ एक द्वार होय, असा निष्कर्ष त्याने काढला. जुना शब्द ठेवला असता तर जुने मतही त्यासोबत राहिले असते. म्हणून त्यास कोणत्याही उपपत्तीला न बांधलेले शब्द हवे होते.

व्हिटलॉक निकोल या वैद्य मित्राच्या साहाय्याने इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट यांसारखे शब्द सिद्ध झाले. दोन टोकांत भेद करण्यासाठी प्रवेशमार्ग व निर्गममार्ग या अर्थांचे ‘आयसोड’ व ‘एक्सोड’ हे शब्दही सुचले होते. परंतु प्रवाहाच्या दिशेविषयीची कल्पनाच पुढे बदलली तर हे शब्दही खोटे ठरतील, ही शंका उरली. यातून मार्ग काढण्यासाठी फॅरडेने पृथ्वीचा आधार घेतला. पृथ्वीचे चुंबकत्व तिच्याभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या प्रवाहांमुळे आहे असे मानावे, आणि अपघटन होणारा पदार्थ त्याच दिशेने प्रवाह जाईल असा ठेवला आहे अशी कल्पना करावी, म्हणजे त्याची एक बाजू पूर्वेची व दुसरी पश्चिमेची ठरते. या दोन बाजूंना नावे हवी होती. २४ एप्रिल १८३४ रोजी त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल याला पत्र लिहून ही अडचण मांडली.

ह्यूएल हा विज्ञानाचा इतिहासकार असून ग्रीक भाषेचा जाणकार होता. ‘सायंटिस्ट’ हा शब्दही त्याच सुमारास त्यानेच घडविला. त्याचे उत्तर दुसऱ्याच दिवशीचे आहे. ‘ॲनोड’ म्हणजे वर जाणारी वाट, सूर्य उगवतो ती बाजू. ‘कॅथोड’ म्हणजे खाली जाणारी वाट, सूर्य मावळतो ती बाजू. ही नावे त्याने सुचविली. पाठोपाठ मे महिन्यातील पत्रात त्याने टोकांकडे जाणाऱ्या घटकांसाठी ‘ॲनायन’ व ‘कॅटायन’, आणि दोहोंसाठी मिळून ‘आयन’, म्हणजे ‘जाणारे’, हे शब्द दिले. फॅरडेने ते स्वीकारले. आपल्या मित्रांनी या शब्दांवर कडक आक्षेप घेतले, आणि सर्वांना खूष करू पाहणाऱ्या त्या बाप, मुलगा व गाढव यांच्या गोष्टीतल्या माणसासारखी आपली अवस्था झाली. परंतु तुमच्या अधिकाराची ढाल पुढे करताच विरोध विरघळला, असे त्याने ह्यूएलला कळविले. जानेवारीत रॉयल सोसायटीला सादर झालेला निबंध त्याच वर्षी छापून आला तो या नव्या शब्दांनिशी.

येथे एक व्युत्पत्तीची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘आयन’ ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, ते आणि संस्कृतातील ‘इ’ (जाणे) हा धातू एकाच मूळ कुळातील होत. उत्तरायण, दक्षिणायन यांतील ‘अयन’ व सूर्याचा ‘उदय’ ही त्याच धातूची रूपे. मराठीत ‘आयन’ हा शब्द इंग्रजीतून आला असला, तरी त्याचा आप्त आपल्या घरी पूर्वीपासूनच नांदत होता.

ॲनोड व कॅथोड यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांसाठी ‘धनाग्र’ व ‘ऋणाग्र’ हे शब्द रूढ आहेत. बाहेरून प्रवाह देऊन अपघटन घडविताना ॲनोड हे धन टोक असते, त्यामुळे तेथे हे शब्द चालून जातात. परंतु स्वतः प्रवाह देणाऱ्या घटात ॲनोड हे ऋण टोक असते. शिसे-आम्ल संचायक घटात तर एकच पट्टी भारित होताना ॲनोड असते व विसर्जित होताना कॅथोड होते; तिचे धनत्व मात्र दोन्ही वेळा कायम राहते. अशा वेळी ‘धनाग्र ऋण असते’ असे विधान विद्यार्थ्यापुढे येते आणि तो गोंधळतो. हा दोष त्याच्या आकलनाचा नसून शब्दाचा आहे. प्रवाहाची वाट आणि टोकाचे चिन्ह या दोन कल्पना फॅरडे-ह्यूएल यांनी परिश्रमपूर्वक वेगळ्या केल्या, त्या मराठी प्रतिशब्दाने पुन्हा एकत्र आणल्या. ॲनोड व कॅथोड हे शब्द तसेच ठेवून, धनाग्र व ऋणाग्र यांचा उपयोग केवळ टोकाचे चिन्ह सांगण्यापुरता केल्यास हा घोटाळा टळेल.

यावरून निघणारे तत्त्व व्यापक आहे. प्रतिशब्द घडविताना मूळ शब्दाचा सध्याचा अर्थ पाहणे पुरेसे नसते. त्या शब्दाने काय म्हणावयाचे जाणूनबुजून टाळले, हेही पाहावे लागते. आणि ते बहुधा पत्रव्यवहारातच आढळते. दुसरे असे की, विषयाचा तज्ज्ञ व भाषेचा तज्ज्ञ यांनी समोरासमोर शंका विचारल्यावाचून टिकाऊ परिभाषा होत नाही. फॅरडेला ग्रीक येत नव्हते आणि ह्यूएलने ते प्रयोग केले नव्हते. दोघांनी आपापली मर्यादा ओळखली म्हणून काही आठवड्यांत काम झाले.

भाषेविषयीची ही सावधगिरी फॅरडेने अखेरपर्यंत सोडली नाही. १८५७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने तरुण जेम्स क्लार्क मॅक्सवेलला पत्राने विचारले, की गणिती आपल्या निष्कर्षाला पोहोचल्यावर तो निष्कर्ष सूत्रांइतक्याच पूर्णपणे सामान्य भाषेत मांडता येणार नाही काय? पुढे स्मृती क्षीण होत गेली. १८६२ च्या सप्टेंबरमध्ये शेनबाइन या जुन्या रसायनज्ञ मित्रास लिहिलेल्या पत्रात, आपण लिहिलेली पत्रे पुन्हा पुन्हा फाडून टाकतो, कारण त्यांत अर्थ राहत नाही, असे तो सांगतो. अर्थ न राहिलेला शब्द दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हा नेम त्याने स्वतःच्या पत्रांनाही लावला होता.